साती आसरा रंगवायच्या: तैलरंगात की ॲक्रिलिकमध्ये?

भाच्याला साती आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचं, चित्र काढायचंय. विहिरीत कमरेपर्यंत बुडालेल्या सात बाया, हिरव्या चोळ्या, मोकळे केस. आमच्याकडे त्या शेंदूर फासलेले सात दगड म्हणूनच भेटतात, तेव्हा चेहरे त्यालाच सुचावे लागतील. त्याचा प्रश्न एवढाच, "मामा, तैलरंग घेऊ का ॲक्रिलिक?"

खरी परीक्षा पाण्याची. पाण्याखालचं अंग पुसट दिसायला हवं. तैलरंग 2-3 दिवस ओला राहतो, कोरड्या ब्रशने कडा हव्या तशा विरघळवता येतात. ॲक्रिलिक आपल्या मे महिन्यात, 45 अंशांत, पॅलेटवरच वाळतं. पाणी फवारत बसा. वाळल्यावर थोडं गडदही होतं.

टिकण्याचं म्हणशील तर तैलरंगात जवसाचं तेल, आपल्याच शिवारातलं पीक! पण ते वर्षांनी पिवळं पडतं अन् निळं पाणी गढूळ वाटू लागतं. ॲक्रिलिकला ती भीती फारशी नाही. खर्चात तैलरंग जड, रंग पातळ करायला टर्पेंटाइन वेगळं, वास घरभर.

त्याच खोलीत लेकरं झोपत असतील, किंवा नवरात्राआधी चित्र हवं असेल, तर ॲक्रिलिक. सवड असेल अन् पाण्यातलं अंग नीट साधायचं असेल, तर तैलरंग. तैलरंगावर व्हार्निश लावायला मात्र 6 महिने थांब.