प्रेस कौन्सिल की चॅनलवाल्यांची स्वतःची समिती?
आमच्या ग्रामसभेची बातमी एका पेपरात पार उलटी छापून आली, मग फोंड्याला पाव-भाजी खाता खाता वाद, तक्रार करायची कुठे? पेपर असेल तर प्रेस कौन्सिल, १९७८ च्या कायद्याची, पण आधी संपादकाला लिहा, मग बातमी छापल्यापासून २ महिन्यांच्या आत तक्रार, आणि शेवटी मिळणार काय तर ताशेरे, दंड १ रुपयाचाही नाही. टीव्ही तिच्या कक्षेतच नाही. तिथे एनबीडीएसए, म्हणजे न्यूज चॅनलवाल्यांनी स्वतःच नेमलेली तक्रार समिती, १ लाखाचे दंड लावलेत तिथे, माफी दाखवायला लावतात, पण मेंबर नसलेल्या चॅनलला काय फरक पडतो? मला कौन्सिलच बरी वाटते, दात नाहीत ते एका अर्थी बरंच, नाहीतर उद्या खाणींवर लिहिणाऱ्यालाच चावायची. संपादकाला पत्र टाकलंय, अजून उत्तर नाही.