होम चार्जर, 8 महिन्यांनी: यंत्र चोख, जोडणी कच्ची

इलेक्ट्रिक गाडीसाठी घरी बसवलेला 7.4 किलोवॉट, 32 अँपिअरचा एसी चार्जर. वेगाबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती एमसीबीच्या (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) खालच्या टर्मिनलबद्दल, म्हणजे जिथे वायर स्क्रूने आवळतात तिथली. सहाव्या महिन्यात चार्जिंग रोज दीडेक तासाने बंद पडायला लागलं आणि खापर फुटलं चार्जरवर.

खरं तर ट्रिप होण्याची वेळच बरंच सांगत होती. प्लग लावताक्षणी ट्रिप झालं तर गळती किंवा शॉर्ट शोधायचं. तासाभराने झालं तर आधी उष्णतेवर संशय घ्यायचा. क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती लावून करंट मोजणारा) 31 अँपिअर, एमसीबी 40 चा, म्हणजे ओव्हरलोड नाहीच. तरी सर्व्हिसवाल्यांचा सल्ला: 50 चा एमसीबी टाका! हे कदापि ऐकू नका. एमसीबी केबलला सांभाळण्यासाठी असतो. भिंतीतल्या पाइपातून गेलेल्या 6 चौरस मिमी केबलवर 50 चा बसवला, तर तो पडायच्या आधी केबल तापेल.

कव्हर काढल्यावर दिसलं: फेजच्या वायरचं इन्सुलेशन स्क्रूपासून बोटभर तपकिरी, कडक, वाकवलं की तडकत होतं. मल्टीस्ट्रँड वायर फेरूल (तारा एकत्र धरणारी धातूची छोटी नळी) न लावता नुसती पिळून खुपसलेली, चार-पाच तारा टर्मिनलच्या बाहेर. रोज तापून-निवून तारा दबतात, पकड सैल होते, रोध वाढतो. 32 अँपिअरला 0.01 ओहम म्हणजे एका स्क्रूखाली 10 वॉट. इस्त्री थोडा वेळ चालते, गाडी सलग पाच-सहा तास करंट ओढते. ती उष्णता एमसीबीच्या आतल्या द्विधातू पट्टीपर्यंत (तापली की वाकून स्विच पाडणारी) पोचते आणि करंट मर्यादेत असूनही तो पडतो.

सुरुवातीला चार्जर 16 अँपिअरवर आणला की भागेल असं वाटलं होतं. ते मत आता बदललंय. करंट निम्मा झाला की उष्णता पावपट होते, ट्रिप थांबतं, पण सैल सांधा तसाच राहतो.

दुरुस्ती अशी: मेन बंद, वीज नसल्याची खात्री मीटरने. जळका भाग चांगल्या तांब्यापर्यंत कापायचा. फेरूल क्रिम्पिंग टूलने दाबायचा, पकडीने नव्हे. टोकाला सोल्डर लावू नका, स्क्रूखाली ते हळूहळू पसरतं आणि पकड पुन्हा ढिली होते. तापलेला एमसीबी बदलायचाच. स्क्रू टॉर्क ड्रायव्हरने, एमसीबीवर छापलेल्या आकड्याइतकाच. महिन्याभराने पुन्हा तपासणी.

आरसीसीबीबद्दल (गळती झाली की वीज तोडणारा स्विच; कोणत्या प्रकारची गळती ओळखतो त्यावरून त्याचे टाइप) एवढंच: चार्जरमध्ये 6 मिलीअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय असेल तर टाइप ए पुरतो, नसेल तर टाइप बी. टाइप एसी नको.

वाय-फायवाल्या मॉडेलचे जादा पैसे मात्र वाया गेले, चार्जिंगची वेळ गाडीतूनच लावता येते. ते केबलवर घालायला हवे होते: 25 मीटरवर, 32 अँपिअरला 6 ची केबल जवळपास 6 व्होल्ट खाते, 10 ची साडेतीन.