ड्रॉपचं वर्ष: दवाखाना की नागपूर?

आर्वीच्या भाचीनं विचारलं, "मामा, नीट ही प्रवेश परीक्षा पुन्हा द्यायला वर्षभर ड्रॉप घेतेय. नागपूरला क्लास लावण्याऐवजी वर्षभर डॉक्टरांकडे काम केलं तर एमबीबीएसला फायदा होईल का?"

प्रवेशात नाही, बाळा. यादी लागते ती नीटच्या ७२० पैकी मिळालेल्या गुणांवर. अनुभवाच्या दाखल्याला एकही गुण नाही. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजला पूर्वी स्वतंत्र परीक्षा होती, गांधी विचारांचा पेपर असायचा. आता तिथंही नीटच.

पैशात दवाखाना बरा. नागपूरच्या क्लासची फी, खोली, मेस कापसाच्या पैशात बसते का, ते बाबांजवळ बसून आधी मांड.

खरी मेख वेळेची. बारावीनंतर मी तालुक्याच्या दवाखान्यात होतो. सकाळी केसपेपर लिहायला घेतले की दुपारपर्यंत मान वर होत नसे. एकदा फवारणीची विषबाधा झालेला शेतकरी आला. घामानं निथळत होता, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. असं क्लासमध्ये दिसत नाही. पण रात्री पुस्तक उघडायचं त्राण उरत नसे.

थोड्या गुणांनी हुकलं असेल आणि घरून झेपत असेल, तर नागपूर. डॉक्टरच व्हायचं का, हेच ठरत नसेल किंवा नर्सिंगही चालणार असेल, तर दवाखाना. तोही अर्धा दिवसच.