फियोना ॲपलचे पाच अल्बम: कुठून सुरू करायचं आणि कुठला शेवटी ठेवायचा

1996 ते 2020 एवढ्या काळात फियोना ॲपल या अमेरिकन गायिकेने फक्त पाच स्टुडिओ अल्बम काढलेत. गाणी 55, आणि सगळं सलग लावलं तर साधारण चार तासांत संपतं. म्हणजे हिचं सगळं काम ऐकून काढायला एक सुट्टीचा दिवस पुरतो, इतक्या मोठ्या नावाच्या बाबतीत असं क्वचितच होतं. पण गंमत अशी की बरेच जण चुकीच्या दारातून आत शिरतात. एकतर 'क्रिमिनल' हे तिचं गाणं कुठेतरी कानावर पडतं म्हणून पहिल्या अल्बमवर जातात आणि चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत पेंगायला लागतात, नाहीतर 2020 ला पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटने 10 पैकी 10 दिले म्हणून थेट शेवटच्या अल्बमवर उडी मारतात आणि 'हे काय भांडी आपटल्यासारखं चाललंय' म्हणून बंद करतात. म्हणून हा रिव्ह्यू मी वर्षांच्या क्रमाने लिहीत नाहीये, मी ज्या क्रमाने ऐकायला सांगेन त्या क्रमाने लिहितेय.

आधी एक सांगते, म्हणजे पुढचं सगळं जुळेल. हिला सगळे पियानोवाली गायिका म्हणतात, ते बरोबरच आहे, पण पियानोच्या पोटात हातोड्या असतात आणि त्या तारांवर आपटतात हे हिच्याइतकं मनावर दुसऱ्या कुणी घेतलं असेल असं मला वाटत नाही. नाजूक, बोटं फिरवणारा पियानो नाही हा. डावा हात सतत काहीतरी ठोकत असतो, आणि आवाज खालच्या पट्टीतला, जड, शब्दांवर पाय देऊन चालणारा. पाच अल्बम ऐकताना लक्षात येतं की दर वेळी ती गाण्यावरचा एकेक थर काढून टाकतेय, आणि शेवटाला येईपर्यंत पियानोसुद्धा बाजूला सरकतो आणि मुख्यतः ठोकणंच उरतं. माझ्यासाठी तिच्या करिअरची गोष्ट एवढीच आहे, पुरस्कार न् वाद सगळं त्याच्या आजूबाजूला.

तर सुरुवात करा 1999 च्या 'व्हेन द पॉन' पासून. पूर्ण नाव विचारू नका, पूर्ण नाव 90 शब्दांचं आहे, ती आख्खी कविताच आहे. एका मासिकात तिच्यावर कव्हर स्टोरी आली, त्यावर वाचकांनी तिला झोडपणारी पत्रं पाठवली, ती वाचून तिने ही कविता लिहिली आणि तीच अल्बमला नाव म्हणून देऊन टाकली. तेव्हा लोक हसले, आता मला तर ते भारी वाटतं, बाविसाव्या वर्षी असा हट्ट चालवून घ्यायला लेबलला, म्हणजे रेकॉर्ड कंपनीला, भाग पाडणं काही सोपं नाही.

प्रोड्यूसर जॉन ब्रायन. हा माणूस स्वतः ढीगभर वाद्यं वाजवतो, आणि इथे त्याने केलंय काय की तिचं गाणं, म्हणजे आवाज आणि पियानो, तसंच्या तसं मध्ये ठेवलंय आणि चहूबाजूंनी विचित्र रंगांचे आवाज लावलेत, जुने कीबोर्ड, मध्येच ब्रास, मध्येच स्ट्रिंग्ज. ड्रम्सवर मॅट चेंबरलेन. 'फास्ट ॲज यू कॅन' ऐका, गाणं नावाप्रमाणे सुसाट पळत असतं आणि मध्येच अचानक लय बदलून असं काही संथ होतं की आपण प्लेअर तपासतो, आणि मग पुन्हा पळतं. 'पेपर बॅग' तर तिच्या सगळ्या कारकिर्दीत सगळ्यात सहज आवडणारं गाणं असेल, झुलती चाल, ब्रास, आणि शब्दांत मात्र पूर्ण अपेक्षाभंग. 'लिम्प' मध्ये राग आहे, खरा, नाटकी नाही. आणि शेवटचं 'आय नो' इतकं हळू आहे की त्याच्या आधीच्या नऊ गाण्यांनंतर ते अक्षरशः बसून ऐकावं लागतं. तिथे शेवटी जे शब्द येणार असं आपल्याला पक्कं वाटत असतं ते ती म्हणतच नाही, गाणं तसंच सोडून देते. जेमतेम 42-43 मिनिटांचा अल्बम, एकही गाणं भरतीचं नाही. हा आवडला नाही तर बाकीचे चार आवडायची शक्यता कमी, वेळ वाया घालवू नका.

दुसरा नंबर 2012 च्या 'द आयडलर व्हील' चा. याचंही नाव लांबलचक, 23 शब्द, पण आधीच्या मानाने हे म्हणजे काहीच नाही. माझा स्वतःचा सगळ्यात आवडता हाच, पण पहिलाच हा लावा असं मी कुणालाच सांगणार नाही, कारण इथे आधार द्यायला काही नाहीये. ब्रायनचे ते सगळे रंग गेले, गिटार जवळपास नाहीच, उरलाय पियानो, आवाज, आणि चार्ली ड्रेटन नावाचा ड्रमर, ज्याने तिच्याबरोबर हा अल्बम प्रोड्यूस केला. आणि हे दोघं मिळून जे हाताला लागेल ते वाजवतात. 'जॉनथन' मध्ये कुठल्यातरी यंत्राची घरघर सगळा वेळ चालू असते. 'वेअरवूल्फ' हे एक साधं, जवळजवळ समजूतदार ब्रेकअपचं गाणं, आणि त्याच्या शेवटाकडे खेळणाऱ्या पोरांचा आरडाओरडा येतो, पहिल्यांदा दचकायला होतं आणि नंतर त्याच्याशिवाय गाणं अपुरं वाटतं. 'लेफ्ट अलोन' ची सुरुवातच ड्रम्सच्या सोलोने, मग पियानो धावत येतो, वरून ती एकटं राहण्याबद्दल इतक्या वेगात बोलते की शब्द समोर घेऊन ऐकावं लागतं.

आणि शेवटचं 'हॉट नाइफ'. याच्यावर मी जास्त बोलणार आहे कारण हे गाणं म्हणजे तिचं पूर्ण तंत्र एका ठिकाणी आहे. टिंपनी, म्हणजे ऑर्केस्ट्रात मागे ठेवलेले ते मोठे नगारे, थोडासा पियानो, आणि त्यावर आवाजावर आवाज. तिची बहीण मॉड मॅगार्ट, जी स्वतः जुन्या वळणाची कॅबरे गायिका आहे, ती तिच्यासोबत गाते, आणि एकच ओळ वेगवेगळ्या उंचीवर फिरत फिरत एवढा गोफ विणला जातो की शेवटी कोण काय म्हणतंय ते सुटं करता येत नाही. विषय काय, तर कुणीतरी आवडतंय, बास. एवढ्या छोट्या विषयाला एवढं मोठं बांधकाम, आणि तरी जड वाटत नाही. असा अल्बम बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत थेट तिसऱ्या नंबरवर आला होता हे मला आजही नवल वाटतं.

त्याच वर्षाच्या शेवटी तिने दक्षिण अमेरिकेची टूर रद्द केली, कारण तिची जेनेट नावाची कुत्री म्हातारी झाली होती, आजारी होती, आणि हिला तिला सोडून जायचं नव्हतं. फॅन्सना हाताने लिहिलेलं लांब पत्र टाकलं तिने, नेटवर अजून मिळेल. हे इथे सांगायचं कारण म्हणजे ही जेनेट पुढच्या अल्बमवर आहे. कशी ते आता सांगते.

'फेच द बोल्ट कटर्स', एप्रिल 2020. जग घरात कोंडलेलं होतं आणि हा अल्बम घरातच रेकॉर्ड केलेला, लॉस एंजेलिसच्या व्हेनिस बीचला तिच्या राहत्या घरात, बराचसा गॅरेजबँडवर, म्हणजे जे ॲप ॲपल कंपनीच्या कॉम्प्युटरवर फुकटात येतं त्याच्यावर. सोबत बास वाजवणारा सेबॅस्टियन स्टाइनबर्ग, ड्रम्सवर एमी आयलीन वुड, गिटार वगैरेला डेव्हिड गार्झा. वाजवलं काय काय, तर घराच्या भिंती, जमीन, आणि वर म्हटली ती जेनेट गेल्यावर तिची हाडं एका पेटीत ठेवली होती, ती पण. हे ऐकून कुणाला कसंतरी होईल, मला उलट वाटतं की यापेक्षा जास्त प्रेमाने कुणाला अल्बमवर घेता येणार नाही. टायटल गाण्याच्या शेवटी घरातली जिवंत कुत्रीही भुंकतात, ते कापलं नाही, ठेवलं.

आता हे सगळं वाचून वाटेल की नुसता गोंधळ असेल. तसं नाहीये. 'शमिका' मध्ये पियानो असा गडगडत येतो की तिचं सगळं जुनं कौशल्य शाबूत आहे हे पहिल्या दहा सेकंदांत कळतं, याच गाण्याला बेस्ट रॉक परफॉर्मन्सचं ग्रॅमी मिळालं आणि अल्बमला बेस्ट ऑल्टरनेटिव्हचं. 'अंडर द टेबल' मध्ये जेवणाच्या टेबलावर मला गप्प बसवायचा प्रयत्न करू नका एवढंच म्हणणं आहे, आणि ते ती हसत हसत म्हणते. 'हेवी बलून' डिप्रेशनवर आहे आणि तिथला कोरस ती गळा फाडून गाते, आवाज फाटतो, तो फाटलेला टेकच ठेवलाय. 'फॉर हर' मात्र तयारीने ऐका, लैंगिक अत्याचारावर आहे आणि काही आडपडदा ठेवलेला नाही.

मग 10 पैकी 10? मी नाही देणार. 'लेडीज' मला लांबलेलं वाटतं, आणि शेवटाकडची दोनतीन गाणी कल्पना म्हणून चांगली आहेत पण परत परत लावावीशी वाटत नाहीत. 9 म्हणा फार तर. आणि एक, फोनच्या स्पीकरवर हा अल्बम अजिबात लावू नका. खालचे सगळे ठोके, बास, खोलीचा आवाज गायब होतो आणि फक्त एक बाई ओरडतेय एवढंच उरतं. हेडफोन हवेत, साधे असले तरी चालतील.

या तिन्हीनंतर परत मागे जा, 1996 च्या 'टायडल' कडे. अल्बम आला तेव्हा ती 18 वर्षांची होती. तिच्या मैत्रिणीने ज्या घरी मुलं सांभाळायचं काम धरलं होतं तिथल्या बाई म्युझिक पब्लिसिस्ट, म्हणजे कलाकारांची प्रसिद्धी बघणाऱ्या, निघाल्या, त्यांच्यामार्फत डेमो अँड्र्यू स्लेटरकडे गेला आणि त्यानेच मग अल्बम प्रोड्यूस केला. अमेरिकेत ट्रिपल प्लॅटिनम, म्हणजे तीस लाख प्रतींचा, झाला, 'क्रिमिनल' ला ग्रॅमी, 1997 ला एमटीव्हीचा नवोदिताचा पुरस्कार, आणि तो घ्यायला स्टेजवर जाऊन हिने समोरच्या झगमगाटाला सरळ शिवी घालून लोकांना सांगितलं की आमच्यासारखं व्हायला जाऊ नका. तेव्हा सगळ्यांनी तिला नखरेल, बिघडलेली पोर ठरवलं.

अल्बम म्हणून आज ऐकताना तो मिश्र आहे. पहिली चार गाणी जबरदस्त, त्यात 'सलन गर्ल' ही तिच्यावर लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल आहे आणि त्या वयात इतकं शांतपणे कुणी कसं लिहिलं हा प्रश्न पडतो. पण निर्मिती फार गुळगुळीत आहे, सगळ्यावर मखमल टाकल्यासारखी, आणि दुसऱ्या अर्ध्यात एकामागून एक संथ लांब गाणी येतात, 'नेव्हर इज अ प्रॉमिस' सोडलं तर मी बाकीची पुढे ढकलते. मात्र एक ऐका, पहिलंच गाणं 'स्लीप टू ड्रीम' सुरू होतं ते ड्रम्सने, पियानो नंतर येतो. 2020 च्या त्या भिंती बडवणाऱ्या बाईची पहिली नोंद तिथेच आहे, शेवटचे अल्बम आधी ऐकले असतील तरच ती दिसते, म्हणून हा क्रम.

राहिला 2005 चा 'एक्स्ट्राऑर्डिनरी मशीन'. हा शेवटी, कारण याच्याबद्दल भांडण आहे. आधी हा अल्बम पुन्हा जॉन ब्रायनबरोबरच केला होता, लंडनला ॲबी रोड स्टुडिओमध्ये स्ट्रिंग्ज रेकॉर्ड झाल्या, आणि मग तो अडकून पडला. गाणी नेटवर फुटली. फॅन्सना वाटलं तिची रेकॉर्ड कंपनी सोनी दाबून बसलीय, त्यांनी मोहीम काढली, कंपनीला सफरचंदं पाठवली, आडनावावरून. नंतर कळलं की गोष्ट 'दुष्ट कंपनी आणि बिचारी कलाकार' इतकी सरळ नव्हती, त्या रेकॉर्डिंगवर तिचं स्वतःचंच समाधान नव्हतं. मग रॅपर-प्रोड्यूसर डॉक्टर ड्रेबरोबर काम केलेल्या माइक एलिझोन्डोला घेऊन तिने जवळपास सगळं नव्याने केलं, ब्रायनची फक्त दोन गाणी राहिली, पहिलं आणि शेवटचं.

आता निकाल काय, तर गाणी म्हणून हा तिचा सगळ्यात मजेशीर अल्बम आहे, 'गेट हिम बॅक', 'बेटर व्हर्जन ऑफ मी', सगळीकडे विनोद आहे, शब्दांशी खेळ आहे. 'पार्टिंग गिफ्ट' मध्ये फक्त ती आणि पियानो, दुसरं कुणीच नाही, आणि तेवढ्याने काम होतं. पण एलिझोन्डोचे बीट्स नीटनेटके आहेत, फार नीटनेटके, हिच्या डाव्या हातालाच लय माहीत असताना वर आणखी एक पट्टी कशाला मारलीय असं वाटत राहतं. फुटलेली आवृत्ती उलट टोकाची, 'नॉट अबाउट लव्ह' तिथे स्ट्रिंग्जच्या गर्दीत गुदमरतं, नवीन आवृत्तीत श्वास घेतं. 'ओ सेलर' मात्र मला जुनंच आवडतं, तिथे वाद्यं खरोखर लाटांसारखी हलतात. म्हणजे दोन्ही अर्धे अर्धे बरोबर. 5 पैकी साडेतीन अधिकृतला, फुटलेल्याला रेटिंग देत नाही कारण तो आजवर विकत मिळतच नाही. लेबलने कधी दोन्ही डिस्क एकत्र काढल्या तर मी तरी घेईन, तोपर्यंत अधिकृत अल्बम लावा, आणि पहिलं गाणं संपलं की सरळ शेवटच्या 'वॉल्ट्झ' वर जाऊन बघा, ब्रायनची ती दोन लागोपाठ ऐकली की अडकून पडलेला अल्बम कुठल्या वाटेने चालला होता त्याचा अंदाज येतो.