स्टिकर रिमूव्हर आणि हेअर ड्रायर : जुन्या गाडीवर वापरून बरेच महिने झाले, आता सांगतो

आधीच सांगून टाकतो, संत्र्याच्या सालीच्या तेलाचा जो स्टिकर रिमूव्हर मिळतो तो चांगला आहे, पण स्टिकर तो काढत नाही. स्टिकर निघतो गरमीने, रिमूव्हर फक्त मागे राहिलेला गोंद काढतो, आणि उन्हाने पडलेली छाप दोघांच्याही बापाला जात नाही. एवढं डोक्यात ठेवून घेतलात तर पैसे वसूल.

गाडी लाल हॅचबॅक, सेकंडहँड, आधीच्या मालकाला हौस दांडगी. बोनेटवर दोन काळे पट्टे, दारांवर कुठल्याशा कोचिंग क्लासची जाहिरात आणि मागच्या काचेवर हा एवढा मोठा महाकाल (उज्जैन जवळ, त्यामुळे इंदूरात जिकडे बघाल तिकडे असतोच). छोटी ग्वालटोलीत एका अ‍ॅक्सेसरीवाल्याला विचारलं तर म्हणे, "भिया, थिनर मार दो, दो मिनिट का काम है." नका हो असं करू. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १००-१२० मायक्रॉन (म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ४०-५०, थिनरला गोंद कुठला नि क्लिअर कोट कुठला ते थोडीच कळतं! हेडलाइटच्या प्लास्टिकवर तर थेंबसुद्धा नको, बारीक तडे जातात.

ड्रायर घरातलाच चालतो. चार बोटं लांब धरायचा, एका जागी थांबवायचा नाही, कोपरा मऊ पडला की नखाने उचलायचा आणि वर न खेचता मागे दुमडून पॅनेलला लागून लागून सावकाश ओढायचा. बारीक चर्रर्र आवाज येत राहिला की समजा बरोबर चाललंय, फाटायला लागला की परत ड्रायर. बोनेटचे पट्टे असे अख्खे निघाले. दारांवरचे मात्र स्वस्तातले, उन्हाने वाळलेले, भाजलेल्या पापडासारखे नखाएवढे तुकडे पडत होते, त्यात अख्खी दुपार गेली आणि बायकोचा ड्रायर तापून बंद पडला तो वेगळाच किस्सा.

रिमूव्हर मात्र उलटा, तो सावलीत आणि थंड पॅनेलवरच मारायचा, तापलेल्या पत्र्यावर तो काम करायच्या आधीच वाळून जातो. तीन-चार मिनिटं मुरू द्यायचा, मग जुन्या एटीएम कार्डाला मायक्रोफायबर गुंडाळून सरकवायचं, आणि शेवटी शॅम्पूने धुवायचंच, नाहीतर तेलकटपणावर धूळ बसते आणि वॅक्सही धरत नाही.

मागच्या काचेला बाहेरून साबणाचं पाणी आणि नवं ब्लेड, तिरकं धरून. आतून ब्लेड लावू नका, डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तारा तुटतात. महाकाल निघाला, आणि मी तो सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकतोय म्हटल्यावर आई जी काही चिडली! शेवटी निर्माल्याच्या पिशवीत गेला.

आता मुद्द्याचं, इतक्या महिन्यांनी काय? उन्हाळा झाला, पावसाळा झाला, रंगाची चमक तशीच आहे, कुठे धुरकट नाही. पण छाप आहे. पट्ट्याखालचा लाल गडद राहिला, बाजूचा उन्हाने उडाला, त्यामुळे संध्याकाळच्या तिरप्या उजेडात दोन्ही पट्टे सरळ दिसतात. हाताने पॉलिश केलं, कमी झाली, गेली नाही. मला ती हळूहळू फिकी होतेय असं वाटतं, बायकोला वाटत नाही. मशीन पॉलिश करून घेता येईल, पण त्यातही क्लिअर कोटच घासला जातो, म्हणून सारखं सारखं करायची गोष्ट नाही ती. पांढऱ्या गाडीवाल्यांना हा ताप बराच कमी.

बंपरवरचा एक गोल स्टिकर मी हात न लावता ठेवलाय, कारण बंपर बाहेर कुठेतरी रंगवलेला आहे, उन्हात शेजारच्या पॅनेलशी शेड जुळत नाही, आणि अशा रंगावरून स्टिकर ओढला तर रंगही सोबत येऊ शकतो. गाडी घेताना हे आधी बघा.

आणि जुना फास्टॅग काढायचा असेल तर आधी तो बँकेकडून बंद करून घ्या. तो काढला की फाटतो, बनवलाच तसा आहे, दुसऱ्या काचेवर परत लागत नाही.