सस्टेनेबिलिटी आणि उद्योग या विषयातलं एमएस्सी : पहिल्या वर्षानंतरचा अनुभव

नेदरलँड्समध्ये दोन वर्षांचं, १२० क्रेडिटचं एमएस्सी करतेय. पर्यावरणाला पेलेल असं नवं तंत्र किंवा नवा धंदा कंपन्या कसा उभा करतात आणि तो कशामुळे मध्येच बसतो, हा विषय. पहिलं वर्ष संपत आलंय. या अभ्यासक्रमाबद्दल मला विचारणारे बरेच जण पुण्यात ईएसजीच्या, म्हणजे कंपन्यांच्या पर्यावरण, समाज आणि कारभार यांच्या नोंदींच्या कामात आहेत. मीही तिथलीच. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल, सक्तीचा केला, तेव्हापासून विजेची बिलं, डिझेलच्या पावत्या, पाण्याचे आकडे गोळा करून तक्ते भरत होते. एवढं भरून कारखान्यात नेमकं काय बदलतं, हे कळावं म्हणून इथे आले.

त्या प्रश्नाला सगळ्यात जास्त हात घातला तो इनोव्हेशन सिस्टिमच्या, म्हणजे नवं तंत्र ज्या माणसं-संस्था-नियमांच्या जाळ्यात वाढतं त्याच्या विषयाने. यूट्रेख्ट विद्यापीठाच्या मार्को हेक्केर्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा जाळ्याची सात कार्यं मांडली : उद्योजकांची धडपड, ज्ञाननिर्मिती, ज्ञानाचा प्रसार, दिशा, बाजारपेठ, पैसा-माणसं आणि मान्यता. ही एकमेकांना रेटत राहिली तरच तंत्र रुजतं. वाचताना कोरडं वाटतं, म्हणून मी ते उसाच्या इथेनॉलला लावून पाहिलं. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणलं गेलं, कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारल्या, तेल कंपन्या ठरलेल्या भावाने घेणार होत्या. सगळं जुळून आलेलं. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या काळजीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. यंत्रं तीच, माणसं तीच, पण दिशा एका आदेशाने फिरली. हे सात कप्पे हाताशी नसते तर मी ‘सरकारने घोळ घातला’ एवढंच म्हणून थांबले असते. आता विचारते की कोणतं कार्य तुटलं आणि त्याने बाकीची कोणती ओढली.

जीवनचक्र मूल्यमापन (एलसीए), म्हणजे वस्तूचा कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतचा पर्यावरणावरचा भार मोजणं, या विषयाने घाम काढला. त्यासाठीच्या आयएसओ १४०४० या आंतरराष्ट्रीय मानकाची चौकट सरळ आहे. खरा कस लागतो तो तुलनेचं एकक ठरवताना. एक टॉवेल मोजायचा की त्या टॉवेलचा वर्षभराचा वापर, यावर उत्तर पालटतं, कारण वापर धरला की धुण्याचं पाणी आणि वीज त्यात येते. शिवाय इकोइन्व्हेंट या एलसीएच्या माहितीसंचात आपल्याकडची प्रक्रिया सापडली नाही की ‘उर्वरित जग’ या खात्यातले आकडे उचलावे लागतात. माझी खरी तक्रार इथे आहे. आपल्या वीजजाळ्यातला कोळसा आणि विहिरीचं पाणी त्या सरासरीत विरघळून जातं, आणि वर्गात त्यावर कुणी फारसं थांबत नाही.

उदाहरणंही बहुतेक युरोपातली. डेन्मार्कचं कालुंडबोर्ग तर प्रत्येक विषयात येतं : वीजकेंद्राची वाफ शेजारच्या कारखान्यांना, तिथलंच जिप्सम भिंतीचे बोर्ड करणाऱ्याला, हे सगळं १९७२ पासून हळूहळू, शेजारी-शेजारी बोलून जमत गेलेलं. सुंदर आहे, वाद नाही. पण बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) वीज, मोलॅसिसवर (साखर काढून उरलेल्या पाकावर) डिस्टिलरी, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) परत शेतात हे आपल्या साखर कारखान्यांत एकाच आवारात चालतं. मी ते सेमिनारमध्ये मांडलं, तेव्हा चर्चा तासभर तिथेच राहिली. थोडक्यात, येताना आपलं उदाहरण बरोबर घेऊन या. तुमच्यासाठी ते दुसरं कुणी शोधून ठेवत नाही.

बिझनेस मॉडेलचा विषय त्यामानाने हलका. स्कीपोल विमानतळावर फिलिप्सने दिव्यांची मालकी स्वतःकडे ठेवून नुसता उजेड विकला, ते प्रकरण मात्र जरूर वाचा. दिवा आपल्याच ताळेबंदात राहिला की तो टिकाऊ आणि दुरुस्त होण्याजोगा करण्यातच कंपनीचा फायदा असतो.

व्यवहाराचं सांगायचं तर एक क्रेडिट म्हणजे २८ तास काम, आणि ते खरंच लागतं. गुण १० पैकी. ८ मिळाले तर मनापासून आनंद माना. इंटर्नशिप शोधताना डच नसल्याचं जाणवतं, विशेषतः छोट्या कंपन्यांत, तेव्हा पहिल्याच महिन्यात भाषावर्ग धरा. पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळू शकतो.

ज्यांना फक्त अहवाल लिहिण्याचं कौशल्य हवंय, त्यांनी एवढा खर्च करू नये. ते नोकरीत शिकता येतं. मी प्रबंधासाठी इथेनॉलच घेतेय : निर्बंध आल्यावर कोणते कारखाने तगले, आणि त्यांच्या हातात आधीपासून काय होतं.