अल्मालिनक्स ९: सेंटओएस सोडून कुठे जायचं विचारणाऱ्यांसाठी

सर्व्हरवर सेंटओएस ७ (रेड हॅट कंपनीच्या आरएचईएल या पैसे देऊन घ्यायच्या लिनक्सची मोफत कॉपी) अजून चालू असेल आणि रेड हॅटच्या सबस्क्रिप्शनचं बजेट नसेल तर सरळ अल्मालिनक्स ९ टाका, तेही तसंच मोफत लिनक्स आहे. मी फोर्ट, मस्जिद बंदर, अंधेरी एमआयडीसी इकडच्या छोट्या ऑफिसांचे सर्व्हर बघतो, ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चे अपडेट बंद झाले तेव्हा बहुतेकांना यावरच आणलं आणि सगळे मस्त चालू आहेत.

सगळे एकच विचारतात, उद्या हेही बंद पडलं तर? विचारणारच ना, सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार होते आणि डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने सांगितलं की २०२१ संपताना खेळ खलास. मग २१ जून २०२३ ला दुसरा दणका, सगळ्यांसाठी उघडा सोर्स कोड यापुढे फक्त सेंटओएस स्ट्रीमचा (म्हणजे आरएचईएलच्या पुढच्या आवृत्तीची चालू तयारी), आरएचईएलचा हवा तर कस्टमर व्हा. जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सप्रमाणे ज्याला बायनरी (तयार प्रोग्रॅम) दिली त्याला सोर्स द्यावा लागतो, तो ते देतात, पण कस्टमरने तो पुढे वाटला तर सबस्क्रिप्शन काढून घ्यायची सोय करारात आहे. त्यांचं म्हणणं, नवीन दुरुस्त्या जुन्या आवृत्तीत बसवायला (पॅच बॅकपोर्ट), टेस्टिंगला आमची माणसं राबतात आणि बाकीचे आमचाच सोर्स नुसता रीबिल्ड करून वाटतात. मेहनत आहेच त्यांची, पण जगभरच्या लोकांनी लिहिलेल्या कोडवर धंदा उभा करायचा आणि तोच कोड पुढे दिला म्हणून कस्टमरला दम द्यायचा, हे मला अजिबात पटत नाही.

रॉकी लिनक्स ही आरएचईएलची दुसरी मोफत कॉपी, त्या रॉकीवाल्यांनी रेड हॅटच्याच कंटेनर इमेज आणि क्लाउडवरून सोर्स मिळवायची वाट काढली, ओरॅकल, सुसे आणि रॉकीच्या मागची कंपनी सीआयक्यू यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये असा सोर्स सगळ्यांना उघडा द्यायला ओपनइएलए ही संघटना काढली. अल्माने जुलैतच सांगून टाकलं की आम्ही हुबेहूब कॉपी करणार नाही, आरएचईएलवर चालणारं सॉफ्टवेअर आमच्यावर चाललं पाहिजे एवढंच बघणार. आणि मला अल्मा आवडतं ते नेमकं यामुळेच, कारण कॉपी करायची नाही म्हटल्यावर स्वतःचं काही घालता येतं. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेले सेकंडहँड सर्व्हर आपल्याकडे किती ऑफिसांत आहेत, त्यातल्या बऱ्याच जुन्या RAID कार्डांचा (अनेक डिस्क एकत्र चालवणारी कार्डं) सपोर्ट आरएचईएलने काढून टाकला, तो अल्माने ९.४ मध्ये परत चालू केला, म्हणजे चांगलं मशीन भंगारात जात नाही. १० मध्येही तेच, आरएचईएल १० ला नवीन प्रोसेसर लागतो पण अल्मा जुन्यासाठी वेगळं बिल्ड देतं. शिवाय अल्मा क्लाउडलिनक्स कंपनीने सुरू केलं असलं तरी मालकी ना-नफा फाउंडेशनकडे आहे, एका कंपनीच्या मर्जीवर नाही.

अल्माच्या एलिव्हेट टूलने सेंटओएस ७ वरून ८ आणि मग ९ असं जाता येतं पण बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका. दोन नेटवर्क कार्डं असून नावं जुनी एथ-झिरो, एथ-वन असतील तर ते अडून बसतं, बाहेरच्या रेपोतली (सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन साठ्यांतली) पॅकेजेस तशीच मागे राहतात आणि पायथन २ ची स्क्रिप्ट तर सगळी परत बघावी लागतात. सर्व्हरवर जास्त काही नसेल तर फ्रेश इन्स्टॉलच बरं.

एक अडचण खरी आहे. काही ईआरपीवाले (ऑफिसचा हिशोब, स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर विकणारे) फक्त आरएचईएल सर्टिफाइड आहे म्हणतात आणि अल्मा बघितलं की सपोर्ट देत नाहीत. तिथे आधी त्यांच्याकडून मेलवर लिहून घ्या, नाही म्हणाले तर त्या एका मशीनला सबस्क्रिप्शन घ्या आणि फाइल सर्व्हर, वेब, बॅकअप सगळं अल्मावर ठेवा, ९ ला २०३२ पर्यंत सिक्युरिटी अपडेट आहेत.